पाव इलेक्ट्रिशियन, अर्धा पोस्टमन

आपल्या होस्टेलमध्ये नवीन माणूस आला की पहिला प्रश्न कोणता? नाव नाही, गाव नाही. "ब्रँच कोणती?" मेकॅनिकल, सिव्हिल, ई अँड टीसी, असं काहीतरी उत्तर मिळालं की त्या माणसाची फाईल आपण मनातल्या मनात बंद करून टाकतो. फायनल इयरला प्रश्न थोडा बदलतो, "कुठे प्लेस झालास?" या दोन्ही प्रश्नांमध्ये एक गोष्ट आपण धरूनच चालतो. एका माणसाला एकच काम असतं, आणि ते कुठल्यातरी कंपनीने आधीच तयार करून ठेवलेलं असतं. आपण फक्त फॉर्म भरायचा!

हे गणित जिथे सुटतच नाही अशा ठिकाणांबद्दल हा लेख आहे. सेमिनारसाठी मी मायक्रोग्रिड हा विषय घेतला होता. शोधता शोधता स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं एग नावाचं बेट सापडलं. (स्पेलिंग वेगळं आहे, पण उच्चार मेसमधल्या अंड्यासारखाच. पाचकळ विनोद करून झाले असतील तर पुढे जाऊ.) वाचायला गेले होते तिथली वीज, आणि अडकले तिथल्या माणसांच्या नोकऱ्यांमध्ये.

एग केवढं आहे? क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस किलोमीटर, लोकवस्ती शंभरच्या आसपास. म्हणजे आपल्या होस्टेलच्या एका विंगमध्ये सगळं बेट मावेल. मुख्य भूमीवरचं बंदर मालेग. तिथून फेरीबोटीने साधारण सव्वा तास लागतो. बोट रोज नसते, आणि हवा बिघडली की जी असते तीही रद्द होते. डॉक्टर शेजारच्या स्काय बेटावरून बोटीने येऊन जातात. प्राथमिक शाळा बेटावर आहे, पण हायस्कूलसाठी मुलांना मालेगला होस्टेलवर राहावं लागतं. तुम्ही-आम्ही अठराव्या वर्षी होस्टेलवर आलो, ती पोरं अकरा-बारा वर्षांची असतानाच ट्रंक घेऊन निघतात!

आता जरा गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, पण मुद्दा कळेल. समजा बेटावर ४५ घरं आहेत आणि प्रत्येक घराला वर्षातून दोनदा प्लंबर लागतो. म्हणजे वर्षाच्या ९० फेऱ्या. रोज दोन घरं केली तर ४५ दिवसांत प्लंबरचं वर्षाचं काम संपलं. उरलेले ३२० दिवस त्याने काय करायचं? शहरात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे घरंच संपत नाहीत. बेटावर मात्र अख्खा प्लंबर परवडत नाही, आणि प्लंबरशिवाय चालतही नाही. कारण पाईप फुटला तर मालेगहून माणूस येईपर्यंत (बोट असेल तर!) घराचा स्विमिंग पूल झालेला असेल. थोडक्यात काय, तर बेटाला पाव प्लंबर हवा असतो, पाव इलेक्ट्रिशियन, अर्धा पोस्टमन, एक-तृतीयांश जेसीबीवाला. आता माणूस काही पाव मिळत नाही. मग हे तुकडे एकत्र करून एका माणसाचं पोट भरेल इतकं काम जमवायचं, एवढा एकच मार्ग उरतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मला ऑर्कनी बेटांवर मिळालं. ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडचा बेटांचा समूह. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटं शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यामध्ये जगातलं सगळ्यात छोटं शेड्यूल्ड विमान उड्डाण चालतं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दिलेला वेळ दोन मिनिटं, आणि वारा मागून असला तर एक मिनिटाच्या आतसुद्धा पोचतं. १९६७ पासून ही सेवा चालू आहे. विमानात बसणारी माणसं आठ. सीट बेल्ट लावून 'हर हर महादेव' म्हणेपर्यंत उतरायची वेळ!

गंमत सोडा, पण विमान दोन मिनिटांचं असो वा चौदा तासांचं, ते उतरताना धावपट्टीवर अग्निशमन दल हजर पाहिजे म्हणजे पाहिजेच. पापा वेस्ट्रेची वस्ती नव्वदच्या आसपास. तिथे दिवसभर फायर ब्रिगेड बसवून ठेवणार कोण? म्हणून गावातलीच माणसं ट्रेनिंग घेतात. विमानाच्या वेळेला युनिफॉर्म चढवून बंबाजवळ उभी राहतात आणि विमान गेलं की आपापल्या गुरांकडे, दुकानाकडे, बोटीकडे परत जातात. बेटावरचं दुकान सहकारी तत्त्वावर चालतं, आणि तीच सहकारी संस्था पाहुण्यांसाठी होस्टेलही चालवते. अशा ठिकाणी "तू काय करतोस?" या प्रश्नाला उलटा प्रश्न येणार, "कधी? सकाळी का दुपारी?"

आता कोणी म्हणेल की ही आजकालची अॅडजस्टमेंट आहे. पण तसं नाही, याची मुळं फार जुनी आहेत आणि ती जरा कडवट आहेत. इथे थोडा इतिहास सांगावाच लागेल, कंटाळू नका.

स्कॉटलंडच्या या भागात 'क्रॉफ्ट' नावाचा प्रकार असतो. क्रॉफ्ट म्हणजे जमिनीचा छोटा तुकडा, त्यावर राहायचं घर, आणि डोंगरावरच्या सामाईक कुरणात चराईचा हक्क. अठराव्या शतकाच्या शेवटी जमीनदारांनी मोठ्या सामाईक शेतांचे असे बारीक तुकडे पाडले. का? तर त्या काळात केल्पला सोन्याचा भाव आला होता. केल्प म्हणजे समुद्राचं शेवाळ जाळून केलेली राख. त्यातून काच आणि साबण करायला लागणारे क्षार मिळायचे. नेपोलियनच्या युद्धांमुळे स्पेनकडून येणारा स्वस्त माल अडला आणि बेटांवरच्या राखेचा भाव वर चढला. शेवाळ गोळा करणं आणि जाळणं हे भयंकर कष्टाचं काम. त्यासाठी भरपूर मजूर हवेत, आणि ज्याचं पोट शेतीवर भरतं तो हे काम कशाला करेल? म्हणून जमिनीचा तुकडा मुद्दाम अपुरा ठेवायचा, असं हे इंजिनिअरिंग! माणसं वैतागून कॅनडाला जायला लागली, तेव्हा १८०३ मध्ये प्रवासी जहाजांवर नियम घालणारा कायदा आला. सुरक्षिततेच्या नावाखाली त्याने तिकीट महाग केलं. जमीनदारांना हवे होते तेवढे हात किनाऱ्यावरच राहिले.

१८१५ मध्ये युद्ध संपलं, परदेशी माल परत आला, केल्पचा भाव कोसळला. ज्यांना कालपर्यंत जाऊ देत नव्हते तीच माणसं आता जमीनदारांना ओझं वाटायला लागली. एगच्या शेजारीच रम नावाचं बेट आहे. १८२६ साली तिथल्या तीनशेच्या आसपास माणसांना जहाजात बसवून कॅनडातल्या केप ब्रेटनला पाठवलं, आणि दोन वर्षांनी उरलेल्यांपैकी बहुतेकांना. त्यांच्या जागी मेंढ्या आल्या. रम हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

नंतर आंदोलनं झाली, चौकशी आयोग बसला आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टवाल्याला संरक्षण मिळालं. त्याला हाकलता येणार नाही, भाडं वाजवी असेल, आणि क्रॉफ्ट पुढच्या पिढीला देता येईल. पण तुकडा तेवढाच राहिला! म्हणजे अपुरी जमीन कायद्याने कायम झाली, आणि तिच्याबरोबर जोडधंद्याची गरजही. मग कोणी मासेमारी केली, कोणी विणकाम, कोणी रस्त्याचं काम, कोणी पोस्टाची पिशवी उचलली. शेटलंडच्या बायका पाठीवर जळणाच्या पीटची टोपली घेऊन चालता चालता हाताने विणत असत. आजही क्रॉफ्टवाल्याने क्रॉफ्टपासून ३२ किलोमीटरच्या आत राहायचं आणि जमीन पडीक ठेवायची नाही असा नियम आहे. पण तिच्यावरच जगलं पाहिजे असं कायदाही म्हणत नाही, कारण ते होणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आजकाल जेव्हा कोणी 'पोर्टफोलिओ करिअर' वगैरे झकपक शब्द वापरतं, तेव्हा मला जरा हसू येतं. बेटावरच्या माणसाने हे करिअर स्वतः निवडलं नव्हतं, त्याच्यावर ते लादलं गेलं होतं. त्याने त्यातून कौशल्य तयार केलं, हा त्याचा मोठेपणा.

या पद्धतीचा एक धोका आहे, आणि मला वाटतं सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. शहरातून एक माणूस गेला तर एक जागा रिकामी होते. बेटावरून एक माणूस गेला तर चार-पाच कामं एकदम थांबतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममध्ये रिडंडन्सी नाही. अशी सिस्टिम हळूहळू बिघडत नाही. बरेच दिवस ठीक चालल्यासारखी दिसते आणि मग एकदम बसते.

सेंट किल्डाचं तेच झालं. हा बेटांचा समूह आऊटर हेब्रिडीज या बेटांच्याही पश्चिमेला, साधारण ६४ किलोमीटर आत अटलांटिक महासागरात आहे. तिथले लोक उभ्या कड्यांवर दोर लावून समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी पकडायचे, मेंढ्या पाळायचे, कापड विणायचे. रोज सकाळी गावातले पुरुष रस्त्यावर जमून आज काय काम करायचं ते ठरवायचे. बाहेरचे लोक त्याला गमतीने 'पार्लमेंट' म्हणत. म्हणजे पक्की नोकरी कोणालाच नव्हती, दिवस बघून काम! पण १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला गेले, आणि पुढेही तरुण माणसं एकेक करून निघत राहिली. शेवटी बोट वल्हवायला आणि कड्यावर दोर धरायला धडधाकट माणसं पुरेनात. तेव्हा बेटकऱ्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांना घेऊन जहाज निघालं. जितके १८५२ ला गेले, बरोबर तितकेच शेवटी उरले होते! सरकारने त्यातल्या बऱ्याच जणांना नोकरी कुठे दिली माहितीये? वनखात्यात. आणि सेंट किल्डावर एक झाड नव्हतं.

आता परत एगवर येऊ. एगही त्याच वाटेवर होतं. मालकी एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे जात राहिली. बहुतेकांकडे घराचे पक्के कागद नव्हते. उद्या काढून टाकतील या भीतीने घराचं छप्परसुद्धा कोणी धड दुरुस्त करत नव्हतं, मग धंदा कोण सुरू करणार? वस्ती पासष्टच्या आसपास येऊन ठेपली होती. तेव्हा लोकांनी जगभरातून वर्गणी गोळा केली. हजारो लोकांनी थोडे थोडे पैसे पाठवले, आणि नाव न सांगणाऱ्या एका दात्याने मोठी रक्कम दिली. १२ जून १९९७ रोजी पंधरा लाख पौंडांना त्यांनी बेट विकत घेतलं. बेटकरी, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांचा मिळून एक ट्रस्ट झाला. तेव्हापासून बेटाचा मालक तोच.

पुढे त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. कुठल्याही मोठ्या कंपनीला 'या, आमच्याकडे फॅक्टरी टाका' असं आमंत्रण दिलं नाही. १९९८ मध्ये धक्क्याजवळ एक इमारत उभी केली. तिच्यात दुकान, पोस्ट, टी-रूम आणि हस्तकलेच्या वस्तू, सगळं एका छपराखाली. घरांच्या दुरुस्तीसाठी ट्रस्टची स्वतःची बांधकाम कंपनी काढली, म्हणजे दुरुस्तीचा पैसा बेटावरच राहिला आणि दुरुस्ती करता करता माणसं शिकली. लोकांना घराचे पक्के करार मिळाले. एवढ्याने अर्ध्या-पाव नोकऱ्यांचा एक साठा तयार झाला.

आणि मग वीज! इलेक्ट्रिकलवाल्यांनो, इथे जरा लक्ष द्या. २००८ पर्यंत एगला ग्रिडची वीज नव्हती. घरोघरी डिझेल जनरेटर. ते बोटीने आणलेल्या डिझेलवर दिवसातले काही तास चालायचे. समुद्राखालून केबल टाकायचा खर्च चाळीस-पन्नास लाख पौंड निघत होता, म्हणून त्यांनी सोळा लाखांच्या आसपास खर्चून स्वतःचंच ग्रिड उभारलं. १ फेब्रुवारी २००८ ला ते चालू झालं. तीन जलविद्युत संच मिळून साधारण ११० किलोवॅट, सहा किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, आणि टप्प्याटप्प्याने वाढवत ५० किलोवॅटपर्यंत नेलेले सोलर पॅनेल. बॅटरी बँक आहे, इन्व्हर्टर आहेत आणि अडीअडचणीला डिझेल जनरेटर. वर्षाची साधारण नव्वद टक्के वीज पाणी, वारा आणि ऊन यांतून येते. सगळ्या केबल जमिनीखालून, लांबी सुमारे ११ किलोमीटर.

पण मला सगळ्यात आवडला तो त्यांचा नियम. घराला जास्तीत जास्त पाच किलोवॅट, धंद्याला दहा. मग घर लहान असो की मोठं. त्यापेक्षा जास्त ओढलं की सप्लाय ट्रिप! मग टीममधल्या कोणालातरी बोलवायचं, पैसे मोजायचे, आणि ओशाळं तोंड करून उभं राहायचं. आपल्या होस्टेलमध्ये पाणी तापवायची कॉइल लपवून वापरणाऱ्यांनी (नावं घेत नाही) कल्पना करून पाहावी. तिकडची एक इलेक्ट्रिक किटली तीन किलोवॅटची, वॉशिंग मशीन दोन किलोवॅटचं. दोन्ही एकदम लावली की कोटा संपला. आता हिशेब करा. चाळीस-पंचेचाळीस जोडण्या गुणिले पाच म्हणजे दोनशेच्या पुढे किलोवॅट, आणि तयार होणार सगळं नीट चालू असताना एकशे चौऱ्याऐंशी. मग कसं भागतं? तर सगळे एकाच क्षणी पाच किलोवॅट ओढत नाहीत. पॉवर सिस्टिमच्या पेपरला येणारा डायव्हर्सिटी फॅक्टर तो हाच! उलट कधी वीज जास्त झाली आणि बॅटऱ्या भरल्या, तर ती कम्युनिटी हॉलसारख्या सार्वजनिक इमारतींच्या हिटरकडे वळवली जाते. म्हणजे वादळी रात्री बाहेर वारा घोंघावत असतो आणि त्याच वाऱ्याने हॉल गरम झालेला असतो.

हे सगळं सांभाळतं कोण? बेटावरचीच माणसं. त्यांना ट्रेनिंग दिलं, आणि ती पार्ट-टाइम पगारावर हे ग्रिड बघतात. पवनचक्कीला ग्रीस लावायचं, जलविद्युतच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा, मीटर बघायचे, जनरेटर तपासायचा. हे पूर्ण वेळेचं काम नाहीच. आपल्याकडे अशी जागा निघाली तर पात्रता म्हणून बी.ई. इलेक्ट्रिकल आणि अमुक वर्षांचा अनुभव मागतील, मग तो माणूस दूरच्या शहरातून येऊन सहा महिन्यांत कंटाळून परत जाईल. एगने उलट केलं. जो इथून जाणार नाही त्याला हे काम शिकवलं. मला हा निर्णय डिझाइनइतकाच महत्त्वाचा वाटतो. डिझाइन बाहेरच्या इंजिनिअरांनी केलं हे खरं, आणि त्यांच्याशिवाय ते झालं नसतं. पण रात्री दोन वाजता लाइट गेली की दार कोणाचं वाजवायचं, हा प्रश्न डिझाइनमध्ये सुटत नाही.

इंटरनेटचंही तसंच. मोठ्या कंपन्या लक्ष देईनात, तेव्हा एग आणि आजूबाजूच्या बेटांच्या लोकांनी हेबनेट नावाची स्वतःची वायरलेस ब्रॉडबँड सेवा काढली. डिश लावून समुद्रापलीकडून सिग्नल आणला. ई अँड टीसीवाल्यांसाठी टीप: अशा लिंकमध्ये पाण्यावरून परावर्तित झालेला सिग्नल थेट सिग्नलला येऊन मिळतो, आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची पातळी बदलली की सिग्नलची ताकद वर-खाली होते. पुस्तकातलं टू-रे मॉडेल तिकडे दिवसातून दोनदा समुद्र स्वतः सोडवून दाखवतो! पण इंटरनेट आलं आणि अर्ध्या नोकऱ्यांच्या यादीत नवीन अर्धुकं जमा झालं. बेटावर बसून बाहेरच्या जगाचं काम करता येऊ लागलं. आज एगवरून एक छोटी म्युझिक रेकॉर्ड कंपनी चालते, शंभर माणसांच्या बेटावरून!

ऑर्कनीत याच्या पुढची पायरी दिसते. स्ट्रोमनेस गावात २००३ मध्ये युरोपियन मरीन एनर्जी सेंटर सुरू झालं. लाटांपासून आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहापासून वीज करणारी यंत्रं खऱ्या समुद्रात तपासायची जागा. यंत्र कुठल्याही देशातून येवो, ते समुद्रात नेऊन बसवायला बोट लागते, आणि तिथला प्रवाह कुठल्या तासाला मंदावतो हे जाणणारा माणूस लागतो. बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसांच्या माहितीला एकदम इंजिनिअरिंगचा भाव आला. म्हणजे जुन्या कामातलंच कौशल्य, नवीन गिऱ्हाईक.

आता कोणाला वाटेल की ही पोरगी बेटांच्या प्रेमात पडली आहे. तसं नाही. वाचताना दुसरी बाजूही दिसत होती. चार अर्ध्या नोकऱ्या म्हणजे चार बॉस आणि भरपगारी रजा बहुधा एकाकडेही नाही. हिवाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा चारातल्या दोन नोकऱ्या झोपतात. शिवाय ट्रस्टची मीटिंग, शाळेची मीटिंग, धक्क्याची मीटिंग, सगळीकडे तीच दहा डोकी, आणि तेही बिनपगारी. तुमची वीज तोडणारा माणूस, तुम्हाला अंडी विकणारा माणूस आणि तुमच्या मुलीला पोहायला शिकवणारा माणूस एकच असेल तर भांडायची सोयच राहत नाही. आपल्याला मेसचं जेवण आवडलं नाही तर बाहेर जाऊन मिसळ खाता येते. तिथे 'बाहेर' म्हणजे समुद्र.

मग अशा ठिकाणी काम शोधायचं तरी कसं? आपल्याकडे आधी नोकरी, मग घर. तिथे उलट आहे. आधी घर, कारण राहायला जागाच नसते. बरीच घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलेली. घर मिळालं की नोकऱ्या हळूहळू सापडतात. एक तुकडा जाहिरातीतून, दुसरा धक्क्यावरच्या गप्पांतून, तिसरा कोणी आजारी पडल्यामुळे. स्कॉटलंड सरकारने २०२१ मध्ये एक योजना मांडली होती. शंभर कुटुंबांना बेटावर येण्यासाठी किंवा तिथे टिकून राहण्यासाठी पन्नास हजार पौंडांपर्यंत मदत द्यायची. ऐकायला किती मस्त! पण लोकांचं मत मागवलं तेव्हा बेटांवरूनच टीका झाली. पैसे माणशी वाटण्यापेक्षा घरं बांधा, फेरीबोटी वेळेवर चालवा असा सूर होता. २०२२ मध्ये योजना सोडून दिली. बोटींचं म्हणणं रास्तच होतं म्हणा. अॅरन बेटासाठी २०१५ मध्ये ऑर्डर दिलेली ग्लेन सॅनॉक्स ही बोट २०१८ ला मिळायची होती, ती प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ ला. आपलं सबमिशन यापेक्षा वेळेवर असतं!

आणि आता ते रम. ज्या बेटावरून १८२६ ला माणसं काढून मेंढ्या आणल्या, तिथे २०२० मध्ये जेमतेम तीसएक माणसं उरली होती. शाळेत मुलं इतकी कमी की शाळा बंद पडायची भीती. तिथल्या ट्रस्टने चार नवीन घरं बांधली आणि जाहिरात दिली की लहान मुलं असलेली कुटुंबं हवी आहेत. जाहिरातीत ठरलेली अशी एक नोकरी नव्हतीच. मुलं सांभाळणं, घरांची दुरुस्ती, मत्स्यशेती, पर्यटकांसाठी बोट, खाद्यपदार्थ तयार करणं, यातलं काय काय जमेल असं विचारलं होतं. चार घरांसाठी चारशेहून जास्त अर्ज आले.